बालगृहातील मूल आणि आपली शाळा

१८६३ साली महात्मा फुले व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेऊन शिकविले. तो डॉक्टर झाला. आश्रयाला शिक्षणाची जोड मिळाली की मूल उभे राहते, हा त्यातील धडा.

बोळिंजच्या शाळेत असे मूल आले तर आपण काय करावे?

१) दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवू नये. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा, २००९ तसे करू देत नाही. वयानुसार वर्ग द्यावा; राहिलेला अभ्यास वेगळा शिकवावा.

२) बालन्याय कायदा, २०१५ अशा मुलाची ओळख छापण्यास वृत्तपत्रांनाही मनाई करतो. मग वर्गात 'बालगृहातला' अशी हाक का यावी?

३) "आईवडिलांना घेऊन ये" असे फर्मावू नये. अधीक्षकांना किंवा सांभाळणाऱ्या नातलगांना बोलवावे.

४) मूल चिडले, गप्प झाले तर कारण शोधावे. एका ठराविक शिक्षकाने रोज विचारपूस करावी.

अनाथांसाठी महाराष्ट्रात २०१८ साली एक टक्का आरक्षण मंजूर झाले. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र मुलाने शाळा सोडण्यापूर्वीच मिळवून द्यावे. अठराव्या वर्षी बालगृह सुटते. तेव्हा हाती कागद आणि पाठीशी माणूस हवा. तो माणूस आपल्यापैकीच कोणी होऊ या.