ड्रोन फवारणी : आधी तार दाखवा


तुडतुड्यांसाठी धानावर ड्रोन लावणार असाल तर एवढं वाचा. ऑस्ट्रेलियात २००१ ते २०१० मध्ये विमान-हेलिकॉप्टर तारांना धडकल्याच्या १८० घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या १०० शेतीच्या कामातल्या. अन् निम्म्याहून जास्त पायलटना तार तिथे आहे हे आधीच माहीत होतं! फेऱ्या मारता मारता लक्ष फवाऱ्यावर जातं, तार विसरते.

आपला ड्रोन पिकापासून दोन-अडीच मीटरवरच चालतो. धोका असतो धुऱ्यावर वळताना आणि चढवता-उतरवताना. खांबाचा ताण तर तिरपा जमिनीपर्यंत येतो, दुरून दिसतच नाही. म्हणून ड्रोनवाल्याला आधी बांधीभोवती पायी फिरवा. मोटारपंपाची लाईन, झोळ पडलेली तार बोटाने दाखवा. ताणाला हात न लावता, बाजूला काठी रोवून लाल फडकं बांधा. तारेखालचा पट्टा सोडा, तो पाठीवरच्या पंपाने मारता येतो.

ड्रोन तारेत अडकलाच तर बांबूने काढायला जाऊ नका. बांधीत पाणी असतं, ओल्या बांबूतून करंट येतो. सगळ्यांना दूर करा, लाईनमनला किंवा १९१२ वर फोन लावा. लाईन बंद झाली असं लाईनमन सांगेपर्यंत बांधीत पाय ठेवू नका.

– कृषी सल्ला, आसगाव