आत्याची बाटली

लोणावळ्यात जुलैचा पाऊस लागला की खोकला आमच्याकडे मुक्कामालाच येतो. ड्यूटीवर निघताना वाटेत कामशेतला आत्याकडे थांबलो. तिनं दोन चमचे कनकासव पाजलं आणि उरलेलं एका जुन्या बाटलीत भरून दिलं. मी विमान चालवतो हे तिला ठाऊक होतं. आसवात मद्यार्क असतो हे मला आठवायला हवं होतं.

विमानतळावर माझी बॅग अडली. जवानानं बिनलेबलची बाटली उंच धरली. "ये क्या है, सर?" मागे माझ्याच विमानाचे प्रवासी. कानशिलं तापली. "दवा है." "कौनसी?" कनकासव म्हणताना जीभ 'आसव'वर अडखळली, आणि पोटात खड्डा पडला.

पुढे श्वासाची चाचणी होती. उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी परवाना ३ महिने निलंबित. २०२३ पासून तर मद्यार्क असलेला माउथवॉशही चालत नाही. शिवाय कनक म्हणजे धोतरा, नजर धूसर करणारा. तो त्या यंत्रात दिसतही नाही. फोन करून 'अनफिट' कळवलं. त्या दिवशीचं उड्डाण गेलं. चारचौघांतल्या त्या प्रश्नाचा राग आला होता, पण वाचवलं त्यानंच.

तेव्हापासून नव्या मुलांना सांगतो: आसव, अरिष्ट, होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याचं सिरप, काहीही घेण्याआधी वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीवरचं बारीक अक्षर वाचा. त्यात क्लोरफेनिरामाइन असेल, तर अमेरिकेची एफएए शेवटच्या गोळीनंतर ५ दिवस थांबायला सांगते. झोप उडाली म्हणजे औषध उतरलं असं नसतं. कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनाही हेच सांगतो; तिथं फुंकायला यंत्र कुठलं!

आणि औषध मूळ बाटलीत, चिठ्ठीसह ठेवा. राहिली झडती. बायकांची पडद्याआड होते, पुरुषांची उघड्यावर. हे मला अजून पटत नाही. इन्सुलिन पंप किंवा पोटावर शस्त्रक्रियेनंतरची पिशवी असेल, तर आपला नंबर येण्याआधीच जवानाला हळू सांगून आडोसा मागावा. बाटली डोक्यावर गेल्यावर कसला आडोसा!

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग सुट्टीत ये की खोकायला."