घरातील हवा

पहाटेची वेळ. खानदेशातील एका खेड्यात, धाब्याच्या घरात आई चुलीत पऱ्हाटी सारीत आहे. धुराने तिचे डोळे पाणावले आहेत; मधूनमधून खोकल्याची उबळ येते आहे. शेजारी बसलेल्या मुलाला वाटते, धुराने डोळे चुरचुरायचेच. त्यात विशेष ते काय?

विशेष आहे. पऱ्हाटी, लाकूड किंवा गोवरी नीट जळाली नाही, की धुरात अनेक विषारी द्रव्ये मिसळतात. फॉर्मल्डिहाइड हा वायू त्यांपैकीच एक. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा वास उग्र असतो. प्रयोगशाळेतील बरणीत बेडूक ज्या द्रवात ठेवतात, त्या फॉर्मॅलिनमध्ये हाच वायू विरघळलेला असतो.

जळगाव-धुळ्याच्या शहरी घरांत चूल नाही, म्हणून तेथे हा वायू नसेल असे समजू नका. प्लायवूडचे थर चिकटविणाऱ्या द्रव्यात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते. नव्या कपाटातून ते कित्येक महिने हळूहळू बाहेर पडते. उष्णतेने त्याचे प्रमाण वाढते. आणि खानदेशचा वैशाख किती तापतो, हे तुम्हांला सांगावयास नको! झळा आत येऊ नयेत म्हणून आपण दारे-खिडक्या लावतो व नकळत तो वायूही घरात कोंडतो.

डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे व खोकला हे त्याचे पहिले परिणाम होत. दम्याच्या रोग्यास त्याचा त्रास अधिक होतो. हा वायू मानवांत कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. एक घनमीटर हवेत, अर्ध्या तासाच्या सरासरीने, तो ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, अशी मर्यादा त्या संघटनेने २०१० साली सांगितली.

उपाय साधे आहेत. पहाटे व सायंकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. नवे कपाट काही दिवस उघडे ठेवून त्याला वारा लागू द्यावा. घरात विडी-सिगारेट कोणी ओढू नये. शक्य तेथे गॅस वापरावा. चूल असेल तर तिच्यावर धुराडे असावे आणि सरपण वाळलेले असावे.

त्या मुलालाही एक काम करता येईल. उद्या पहाटे तो म्हणेल, “आई, ही ओली पऱ्हाटी राहू दे. मी वाळलेली आणतो. आणि आधी खिडकी उघडतो.”

स्वाध्याय
१. उन्हाळ्यात बंद घरात फॉर्मल्डिहाइड का वाढते?
२. तुमच्या घरात हवा कोठून येते व कोठून जाते, ते पाहून पाच ओळी लिहा.