अळ्या पाळायला शिकायचं?

राळेगाव तालुक्यातल्या एखाद्या मुलीनं घरी सांगितलं, की मला कीटकशास्त्र शिकायचंय, तर वडिलांचा प्रश्न ठरलेला : "वावरात अळ्या काय कमी आहेत, की त्या पाळायला शिकायचं?"

प्रश्न रास्त आहे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यात काय केलं, ते त्यांनी सोसलंय. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं माणसंही दगावली. पण बीटी कपाशीला ही अळी का जुमानत नाही, हे कळलं ते अळी पाळूनच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत शेतातल्या अळ्या आणून त्यांची पुढची पिढी वाढवतात. नुकत्याच निघालेल्या अळ्यांच्या खाद्यात बीटीचं प्रथिन मोजून मिसळतात आणि किती मरतात ते पाहतात. बीटीची दोन्ही प्रथिनं अळी पचवू लागल्याचं अशाच चाचण्यांत दिसलं.

काम नाजूक आणि चिकट. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं, बुरशी रोखणारी द्रव्यं अगरमध्ये शिजवून खाद्य बनवायचं. खोलीचं तापमान साधारण 27 अंश. हिरवी बोंडअळी आपल्याच भावंडांना खाते, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा. कोष झाले की सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी निवडायचे, पतंगांना कापसाच्या बोळ्यावर मधाचं पाणी द्यायचं. अळ्यांना रविवार कळत नाही. पतंगांच्या खवल्यांनी काहींना ॲलर्जी होते. दम्याचा त्रास असेल तर आधीच विचार करा.

अमेरिकेनं तर गुलाबी बोंडअळी अक्षरशः कारखान्यात वाढवली. खाद्यात लाल रंग घालून पतंगांवर खूण केली, त्यांना वांझ करून विमानातून शेतांवर सोडलं. जोडीला बीटी कपाशी होतीच. 2018 मध्ये तिथला कापूस या अळीपासून मुक्त जाहीर झाला.

वाट अशी : बारावी विज्ञान, सीईटी, चार वर्षांची बी.एस्सी. कृषी, मग कीटकशास्त्रात एम.एस्सी. प्राणिशास्त्रातूनही येता येतं. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्याला जवळचं. पुढं संशोधन संस्था, बियाणं कंपन्या, मित्रकीटकांची ट्रायकोकार्ड बनवणाऱ्या प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्रं. कायम जागा मोजक्याच, हे लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पावरच्या कंत्राटी नोकरीत जाऊ शकतात. 'नीट' हुकली म्हणून इकडे ढकललेलं मूल माझ्या मते इथं टिकत नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक करा. दिवाळीच्या सुट्टीत, फवारणी न झालेल्या पऱ्हाटीतली किडकी बोंडं आणा. अळी काढून बरणीत ठेवा, वर जाळीदार कापड बांधा, हिरवी बोंडं बदलत राहा, रोज वहीत नोंद करा. पतंग निघेपर्यंत मुलीनं एकही दिवस चुकवला नाही, तर तिला अडवू नका.