नोकरभरतीतील व्यक्तिमत्त्व चाचणी व तिची वैधता

पदासाठी आवश्यक असलेले ज्ञान लेखी परीक्षेने पारखता येते. परंतु उमेदवाराचा संयम, निर्णयशक्ती व सचोटी उत्तरपत्रिकेत उमटतेच असे नाही. म्हणून मुलाखतीचा किंवा मानसशास्त्रीय प्रश्नावलीचा आधार घेतला जातो. अशा चाचणीस भारतात कायद्याने सरसकट मनाई केलेली नाही. तथापि, चाचणी कशाचे मापन करते आणि निवडीत तिला किती वजन दिले जाते, यावर तिची वैधता अवलंबून असते.

मुलाखतीच्या गुणांची मर्यादा

संविधानाच्या अनुच्छेद १४ व १६ अन्वये शासकीय सेवेत सर्वांस समान संधी मिळणे आवश्यक आहे. संघ लोकसेवा आयोग नागरी सेवा परीक्षेतील मुलाखतीस ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ असेच संबोधतो. हरियाणात अशा परीक्षेत लेखी ७०० व तोंडी २०० गुण असत. म्हणजे तोंडी परीक्षेचा वाटा सुमारे २२ टक्के होता. माजी सैनिकांच्या बाबतीत तो ३३.३ टक्के होता. अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ही दोन्ही प्रमाणे अवाजवी ठरविली आणि ती अनुक्रमे १२.२ व २५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावीत असे सांगितले. लेखी परीक्षेत मागे राहिलेला उमेदवार काही मिनिटांच्या संभाषणाने पुढे जाऊ शकत असेल, तर लहरीपणास व पक्षपातास वाव मिळतो. पुढे केंद्र शासनाने गट ‘क’ व गट ‘ब’ (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या.

प्रश्नावली की वैद्यकीय तपासणी?

लेखी प्रश्नावलीसंबंधी अमेरिकेतील एक न्यायनिर्णय भारतात बंधनकारक नसला, तरी उद्बोधक आहे. रेंट-ए-सेंटर या कंपनीत व्यवस्थापकपदी बढती मिळण्यासाठी कर्मचाऱ्यांना काही चाचण्या द्याव्या लागत. त्यांत ‘मिनेसोटा बहुविध व्यक्तिमत्त्व सूची’तील ५०२ प्रश्न होते. ही चाचणी केवळ कामास उपयुक्त गुण पाहण्यासाठी आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये तो फेटाळला. ही सूची अंशतः तरी मानसिक आजार उघड करण्यासाठी रचलेली असल्याने ती वैद्यकीय तपासणीच ठरते व अशा रीतीने तिचा वापर करणे दिव्यांगांविषयीच्या १९९० च्या अमेरिकी अधिनियमाविरुद्ध आहे, असा निर्णय झाला. काम उत्तम करणारा कर्मचारीही अशा चाचणीमुळे बढतीस मुकू शकतो, हे यातील मर्म होय.

भारतातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मानसिक आजाराचा समावेश आहे. कलम २० अन्वये शासकीय आस्थापनेने नोकरीच्या बाबतीत दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करावयाचा नाही.

निवड समितीने पाहावयाच्या बाबी

चाचणी योजण्यापूर्वी पुढील तीन प्रश्नांची उत्तरे लेखी नोंदविणे हितावह ठरेल :

१. या पदाच्या कामास नेमका कोणता गुण लागतो?
२. निवडलेली चाचणी तोच गुण मोजते, यास काय आधार आहे?
३. उमेदवाराचा आजार, श्रद्धा वा घरगुती जीवन यांत ती विनाकारण डोकावते काय?

ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर ती चाचणी न घेणेच श्रेयस्कर. कारण नाकारल्या गेलेल्या उमेदवारास नकाराचे कारण सांगता आले पाहिजे, आणि ते कारण कामाशी संबंधित असले पाहिजे.