हेड्स-अप वेळेत दे

अमेरिकेतल्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात तुझ्या कानावर पडेल, ‘जस्ट अ हेड्स-अप.’ तेव्हा पुढचं वाक्य नीट ऐक गं. काहीतरी बदलणार आहे, ते तुझ्या कानावर आधीच घालून ठेवतायत.

बेसबॉलच्या सामन्याला गेलीस तर हीच आरोळी ऐकशील. फटका तिरका लागून चेंडू प्रेक्षकांत यायला लागला की ‘हेड्स अप!’ माना वर करा, चेंडू बघा. सावध खेळाडूच्या चलाख खेळीलाही तिथे ‘हेड्स-अप प्ले’ म्हणतात. डोंगरावर मात्र ही सवय नको. वरून दगड सुटला की गिर्यारोहक ‘रॉक!’ असं ओरडतात. तेव्हा वर बघायचं नाही, कड्याला चिकटून डोकं सांभाळायचं. सुट्टीत तू चढायला जाणारच, म्हणून सांगून ठेवते.

ऑफिसात हेड्स-अप द्यायचा तो समोरच्याच्या हाती काही करण्याइतका वेळ असताना. शुक्रवारचं काम सोमवारवर जाणार हे मंगळवारी कळलं, तर मंगळवारीच सांग. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलंस तर मॅनेजरनं त्याचं करायचं काय? आपल्याकडची हुशार मुलं इथेच अडतात. वाईट बातमी सांगायला जीभ रेटत नाही, ‘रात्र जागून उरकू’ म्हणत दिवस काढतात. तिथली माणसं उशीर एकवेळ समजून घेतील, पण ऐनवेळी कळलेलं त्यांना फार लागतं. तू तसं करू नकोस, पोरी.

लिहिताना आढेवेढे नकोत. काय होणार, कधी, आणि समोरच्यानं काय करायचं, एवढंच. ‘उद्या दुपारी २ ते ४ सर्व्हर बंद, फाइल्स सकाळीच उतरवून घ्या.’ बस. शेवटी एस असला तरी शब्द एकवचनीच, ‘अ हेड्स-अप’. मधली छोटी रेघ विसरू नकोस.

रजा हवी असेल तर सरळ रजा माग. साहेबाला हेड्स-अप दिलास तर तू ठरवून मोकळी झालीस असं त्याला वाटेल. राजीनामा, वकिलाचं पत्र, कुणाची तक्रार, इथेही हा शब्द नको. तो सहकाऱ्यांतल्या बोलण्याचा आहे.

आणि तुला कुणी हेड्स-अप दिला की लगेच ‘थँक्स फॉर द हेड्स-अप’ एवढं तरी लिही. पोचपावती नाही मिळाली तर पुढच्या वेळी तुला आठवणीनं कोण सांगेल?