गणना आणि दृष्टी

वाचन : गणना, अध्याय १३

औराद, भालकी, आळंद भागांतील मंडळ्यांत आम्ही उपदेशाला जातो, तेव्हा दोन बोल कानी येतात. बाहेरचे म्हणतात, ख्रिस्ती फार वाढले. आतले म्हणतात, आपण संपत चाललो. दोघांपाशीही आकडा आहे! २००१ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती सुमारे २ कोटी ४१ लाख होते, २०११ मध्ये २ कोटी ७८ लाख. म्हणजे ३७ लाखांची वाढ. पण शेकडा प्रमाण २.३४ वरून २.३० वर आले. ज्याला जे भय, त्याने तो आकडा उचलला.

शिवाय गणती सांगितले तेच लिहिते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणून उपासनेत एक व कागदावर दुसरे, अशी घरे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्यांना दोष देणे सोपे; त्यांच्या मुलांची फी आपण भरत नाही.

कनान हेरणाऱ्या बारा जणांनी तीच नगरे, तीच द्राक्षे पाहिली. त्यांतील दहा जण प्रथम स्वतःच्याच नजरेत टोळाएवढे झाले, मग तेथल्या लोकांनाही आपण तसेच दिसतो, असे त्यांनी धरून चालले. त्या लोकांना कोणी विचारले नव्हते. यहोशवा व कालेब दोघेच पडले. मंडळीने दहांचे ऐकले, कारण ते दहा होते.